झाडायला नव्हे, जेवायला

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या सुगीच्या सणाच्या रविवारी, सकाळच्या उपासनेत, प्रभुभोजनाची भाकर मोडायच्या अगदी आधी. आई रांगेत उभी होती, डोक्यावर पदर, उजवा हात प्लास्टरमध्ये. आमच्या मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, ज्यांना सगळं गाव अप्पा म्हणतं, ते तिच्यापाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुझा नवस मोडलाय बाई. फेडल्याबिगर ह्या ताटाला हात लावू नको."

आई मागे फिरली आणि दाराजवळ, चपलांपाशी जाऊन बसली. भाकर मोडणारे पाळकसाहेब नवीन होते. त्यांनी सगळं पाहिलं आणि मान खाली घातली. बाकीच्यांनी भाकर घेतली. मीही रांगेत होते. मी घेतली नाही, आईशेजारी जाऊन बसले, आणि घरी येईपर्यंत माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही. मला ओळखणाऱ्यांना विचारा, असं कधी होत नाही.

नवस कसला, ते सांगते. कर्नाटकातल्या हुमनाबाद तालुक्यात, आमच्या गावात येशूला मानणारी घरं थोडी. आजोबांच्या काळात देव बदलला, पण देवाशी व्यवहार करायची रीत तीच राहिली, आणि चर्चलाही आम्ही देऊळच म्हणत राहिलो. नवस भर मंडळीपुढं उभं राहून बोलायचा, आणि वडील त्याचे साक्षीदार. मी तान्ही असताना तापानं फणफणले होते. आई उभी राहिली आणि बोलली, पोर वाचली तर जिवंत असेतोवर दर शनिवारी देऊळ मी झाडीन. मी वाचले. आई झाडू लागली. तेव्हा खाली माती होती, ती शेणानं सारवायची. पुढं शहाबादी फरशी आली, ती ओल्या फडक्यानं पुसायची. दिवसभर दुसऱ्याच्या रानात तूर कापून आली तरी शनिवारी संध्याकाळी देऊळ चुकलं नाही. लहानपणी मी हट्ट केला की शेजारच्या बायका म्हणायच्या, गप बस, तू झाडूवर जगलेली पोर हाईस.

आणि हात मोडला कुठं? देवळात. त्याच ओल्या फरशीवर, त्याच नवसापायी पाय घसरला. तरी अप्पांचा हिशोब चुकला नाही. मी जाऊन म्हटलं, आईच्या बदली मी झाडते. ते म्हणाले, नवस बदली माणसानं फिटत न्हाई. मग झाडत होतं कोण? त्यांचीच सून. ते चालत होतं.

मला पत्रकं लिहायची सवय आहे. रानात राबणाऱ्या बायकांच्या मजुरीसाठी मी गावोगाव पत्रकं वाटली आहेत, बिदरच्या कचेरीसमोर घसा बसेपर्यंत ओरडले आहे. सोमवारी मी पत्रक लिहिलं. एका बाईनं आयुष्यभर फुकट राबायचं आणि हात मोडल्यावर दारात बसायचं, हा कुठला न्याय, असा मथळा. अप्पांना त्यात एकही शब्द मऊ नव्हता.

दुपारी आईला वाचून दाखवलं. त्या दिवसांत भाकरी मीच थापायचे. आईनं माझी भाकर उचलून उजेडात धरली होती. "ही भाकर हाय का तालुक्याचा नकाशा?" म्हणाली आणि डाव्या हातानं, लाजत, खाऊ लागली. हात मोडेपर्यंत उजव्याशिवाय दुसऱ्या हातानं तिनं कधी घास घेतला नव्हता. पत्रक पुरतं ऐकलं. मग म्हणाली, "माझं चुकलं न्हाई असं लिवलंस. देव रागावला न्हाई, असं कुठं लिवलंस?"

मी कागद उलटापालटा केला. कुठंच नव्हतं.

तेव्हा मला कळलं की आई अप्पांना भीत नव्हती. तिला वाटत होतं, देवानंच तिला ताटावरून उठवलं. ती उपासनेत कानडी गाणी गाते, पण काळजी मराठीत करते, आणि ती काळजी इतक्या वर्षांत कुणी ऐकलीच नव्हती. एक शनिवार चुकला तर पोरीला परत ताप येईल, अशी ती काळजी. मी तिशीला आले, गाड्या अडवते, पोलिसांशी भांडते, आणि ही बाई मला जिवंत ठेवायला फरशी पुसायली.

पत्रक मी बाजूला ठेवलं. म्हटलं, "मी तापात होते तवा मला मांडीवरून खाली ठेवलं न्हाईस म्हणतीस. त्याची मजुरी मागितलीस का कधी?"

"येडी हाईस का? लेकराकडं कोण मजुरी मागतंय."

"मी लग्नाला न्हाई म्हटलं, गावभर तुझं नाव खराब केलं. त्या दिवशी जेवायला वाढलं न्हाईस का?"

"वाढलंच की. शिव्या देऊन वाढलं."

"मग देवाची माया तुझ्यापेक्षा कमी हाय व्हय?"

आईनं डाव्या हातानं पुढचा घास मोडला. भाकर संपवली, माझी ती वेडीवाकडी भाकर, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मग भिंतीला टेकून बराच वेळ देवळाच्या दिशेनं बघत बसली.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी तिनं माझ्याकडून वेणी घालून घेतली, हिरवं लुगडं नेसली. देवळात दारामागं झाडू उभा होता. तिकडं न बघता ती आत गेली आणि पहिल्या ओळीत बसली. रांग लागली तशी उठली. अप्पा आलेच.

"अप्पा," आई म्हणाली, आवाज न चढवता, "मी आज झाडायला आले न्हाई. जेवायला आले. बोलावणाऱ्यानं बोलावलंय."

अप्पांनी पाळकसाहेबांकडं पाहिलं. ह्या वेळी पाळकसाहेबांनी मान खाली घातली नाही. ताट घेऊन ते स्वतः खाली उतरले. आईनं सवयीनं उजवा हात पुढं केला, प्लास्टरचा, बोटंही मिटेनात. मग सगळ्यांसमोर डावा हात पसरला. त्या हातावर भाकर पडली. मागून अप्पांच्या सुनेनं मोठ्यानं आमेन म्हटलं, आणि सगळ्या बायकांनी तिच्यामागं. असा आमेन मी कुठल्या मोर्चात ऐकला नाही.

नंतर सूचना वाचणं लांबलं. बघते तर आई भिंतीला टेकून झोपलेली, थोडी घोरत. देवळात ती कधी इतकी निवांत बसलेली मी पाहिली नव्हती. मी उठवलं नाही. माझ्याही अंगातून काहीतरी उतरलं. झाडूवर जगलेली पोर मी, तो झाडू फेडायला जन्मभर धावत होते. मी फुकट मिळालेली पोर आहे, आणि फुकट दिलेलं देव परत मागत नाही.

अप्पा अजून आईशी नीट बोलत नाहीत. आई भेटेल तिथं त्यांना नमस्कार घालते. प्लास्टर निघाल्यावर एका शनिवारी तिनं फडकं उचललं. मी दारात आडवी झाले, तर म्हणाली, "सर बाजूला. नवस न्हाई हा. बापाचं घर हाय, पुसायली." त्याच्या पुढच्या शनिवारी ती कडगंचीला बहिणीकडं जाऊन दोन दिवस राहिली. देऊळ तसंच राहिलं. मला ताप आला नाही.

पत्रक मी परत लिहिलं, हे तेच आहे. आता तुम्हाला सांगते. तुमच्या देवळाच्या दारात, चपलांपाशी, कुणाला बसवलंय ते येत्या रविवारी मागं वळून बघा. उठा, तिचा हात धरा, जो चालत असेल तो, आणि तिला ताटापर्यंत घेऊन या. आणि तिथं पोचल्यावर तुमच्या हातातला झाडू खाली ठेवा. तुम्हीही बसा.