मार्थाबाईंचा रविवार

स्टॅनीसरांनी मार्थाबाईंशी लग्न केलं तेव्हा भुईगावातल्या लोकांनी चांगलं तोंडसुख घेतलं. साठी उलटलेला विधुर, निवृत्त शिक्षक, आणि बायको कोण, तर घरात स्वयंपाकाला ठेवलेली पाचूबंदरची कोळीण! मला मात्र मनापासून आनंद झाला. पहिल्या पत्नी उर्सुलाबाई गेल्यावर सरांचं घर सावरलं ते मार्थाबाईंनी, हे मी शेजारी राहून पाहिलं होतं. त्या मागच्या खोलीत राहायच्या, सरांचं पथ्यपाणी बघायच्या आणि बोलायच्या अगदी बेताचं.

मी सरांची विद्यार्थिनी. बारावीला ते आम्हाला अर्थशास्त्र शिकवायचे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या धड्याला त्यांचा एक ठरलेला विनोद असे: एखाद्याने आपल्या स्वयंपाकिणीशी लग्न केलं की देशाचं उत्पन्न घटतं, कारण काम तेच राहतं, पगार तेवढा बंद होतो. वर्ग खो खो हसायचा. लग्नाच्या जेवणात मी त्यांना याची आठवण करून दिली, तर तेही पोट धरून हसले. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा असा.

पगार बंद झाल्याचं मार्थाबाईंना फारसं वाटलं नाही. सर पैशाला कधी हात आखडत नसत. गेला तो रविवार. कामाला होत्या तेव्हा रविवारी त्यांना सुट्टी असायची. चर्चहून त्या परस्पर बस बदलत पाचूबंदरला माहेरी जायच्या. तिथे त्यांची आई, डोळ्यांनी पूर्ण अधू, वाट बघत बसलेली असायची. म्हातारी सुनेच्या हातून जेवायची, औषध घ्यायची, पण केस धुवायचे ते मार्थानेच. सून जवळ आली की मान फिरवायची. इकडे सर खानावळीतून डबा आणायचे आणि कुणाचं काही अडत नसे.

लग्नानंतर सरांचा मुलगा व्हिव्हियन दर रविवारी बोरिवलीहून बायकोमुलांसह जेवायला येऊ लागला. मुलगा गुणी. मार्थाबाईंना 'आई' म्हणायचा, त्यांच्या हातच्या मटणाची तोंड भरून स्तुती करायचा. आता आई म्हणणाऱ्याला टाकून जायचं तरी कसं? पुढच्या रविवारी नक्की येते, असे निरोप त्या माहेरी धाडत राहिल्या. पाऊस सरून नाताळ जवळ आला तरी तो रविवार काही उगवेना. एकदा भावाचा फोन आला, म्हातारीच्या केसांच्या जटा झाल्यात, कात्री लावू का. त्या दिवशी मार्थाबाई माझ्या मागच्या दारी येऊन रडल्या. मी चिडून म्हटलं, सरांना सांगा ना. तर म्हणाल्या, त्यांनी कुठे अडवलंय. अडवलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं.

मग एक दिवस सरकारी पाहणीवाली मुलगी आली, चंदनसारची उन्नती. कुठल्या घरात कोण काय काम करतं, हे विचारत फिरणं ही तिची नोकरी. सरांच्या लग्नाआधीही ती येऊन गेली होती आणि मार्थाबाईंची नोंद तिने 'कामाला आहेत' अशी केली होती. या वेळी ती आली तेव्हा मी सरांच्या ओट्यावरच बसले होते. मार्थाबाई बाजूला बोंबील साफ करत होत्या. सर कौतुकाने म्हणाले, "आता ती माझी मिसेस आहे. काम करत नाही, घरीच असते."

उन्नतीने ओके काका म्हणत टॅबवर बोट टेकवलं. मार्थाबाईंनी विचारलं, आधी लिहिलं होतंस त्याचं काय केलंस? पोरगी ओशाळली. म्हणाली, काकू, काम तुम्ही करताच, पण स्वतःच्या घरचं, बिनपगारी असलं की ते कामात धरत नाहीत, रूलच तसा आहे.

मार्थाबाईंनी हात धुतले, पदराला पुसले. लग्नानंतरही त्या नवऱ्याला सरच म्हणायच्या.

"सर, हे काम नाय, तर मंग मी सुट्टी कोनाकडे मागायची?"

सुट्टी कशाला, असं सर पुटपुटले. मग त्यांना म्हातारी आठवली असावी, कारण त्यांचा चेहरा एकदम उतरला. मला त्यांचीही दया आली. उभी हयात मुलांना प्रश्न विचारत आलेला माणूस, पण हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

त्या रविवारी चर्चमधून बाहेर पडल्यावर मार्थाबाई घराकडे वळल्याच नाहीत, थेट बसथांब्याकडे निघाल्या. समोरून व्हिव्हियनची गाडी येत होती. त्यांनी हसून हात केला आणि चालत राहिल्या. मला राहवेना, मीही सोबत गेले.

म्हातारी दाराशीच बसली होती. केसांना अजून कुणी कात्री लावली नव्हती. मार्थाबाईंनी ऊन पाणी काढलं, तिला पाटावर बसवलं आणि मागे बसून एकेक गुंता सोडवू लागल्या. म्हातारीने हात मागे नेऊन लेकीचं मनगट चाचपलं.

"लगीन झाल्यावर पन सुट्टी देतात काय गो?"

"देत नाय, आय," मार्थाबाई म्हणाल्या. "मी घेतली."