फणीला दिलेले गुण

आयुष्यात माझं एकच भाषण असं झालं की ते संपल्यावर लोक उठून हात मिळवायला आले. विषय होता फणी. केस विंचरायची साधी फणी. ते भाषण मी एवढं जीव तोडून का तयार केलं होतं, हे मात्र कुणाला सांगितलेलं नाही. मुळात मी बोलणारा माणूस नव्हे. शाळेत शिकवतो तेवढंच बोलतो, असं आमच्या घरी म्हणतात, आणि ते खोटं नाही.

नव्याण्णव साल. मालवणपासून थोडं आत, खाडीच्या काठावरच्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवायचो. त्या वर्षी माघात आमचं पहिलं मूल जन्मतःच गेलं. दवाखान्यात बायको गुंगीत होती. नर्सबाई बाहेर आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "शुद्धीवर आल्यावर आईला दाखवायचं ना?"

मी नको म्हणालो.

बाकावर शेजारी माझी आई बसली होती. तीही म्हणाली, "नको गो बाय. बघल्यान तर उगाच झुरतली." पण विचारलं होतं मला, आणि आईने तोंड उघडण्याआधी माझं नको म्हणून झालं होतं. मी मूल फडक्यात घेतलं. बराच वेळ पाहिलं. मग चुलतभावाबरोबर जाऊन मातीला दिलं.

बायको जागी झाली तेव्हा सगळं आटोपलं होतं. मुलगी होती एवढं तिला नर्सबाईंनी सांगितलं.

"चेडू कसा होता?" तिने मला विचारलं.

"मी बघूक नाय," मी म्हटलं.

"खंय ठेवलात?"

"भावान नेल्यान. माका म्हायत नाय."

भाऊ दुसऱ्याच दिवशी गोव्याकडे बोटीवर कामाला निघून गेला होता. त्यामुळे ते खोटं उघडं पडायचं भय नव्हतं. तिने पुन्हा विचारलं नाही. मी पुढच्या आठवड्यापासून शाळेत जाऊ लागलो. घरी जेवणखाण, दळण, गुरांचं वैरण यांच्यापलीकडे कुणी काही बोलेना.

वैशाखात तिचे केस गळू लागले. तसे केस आमच्या आळीत कुणाचे नव्हते. सकाळी मागल्या पडवीत बसून ती विंचरायची आणि फणीतून मूठभर गुंतवळ निघायची. बोटाभोवती गुंडाळून ती त्याचा चेंडू करायची आणि कौलाखालच्या फटीत खोचून ठेवायची, केसांवर भांडी देणारी बाई वर्षातून एकदा फिरते तिच्यासाठी. फट भरत आली. मी ते रोज पाहत होतो. काय झालं म्हणून विचारायला हवं होतं. मी मालवणच्या बाजारात जाऊन नवी फणी आणली.

ती प्लास्टिकची होती, निळी, मोठ्या दातांची. पंधरवड्याने बांद्याला एका लग्नाला गेलो तिथून लाकडी आणली. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "अजून एक? ठेवा थंय," आणि मी ती आरशाखाली ठेवायचो. बाजारातून काहीतरी आणलं की नवऱ्याचं काम झालं, असं तेव्हा मला वाटायचं.

मे महिन्याच्या सुट्टीत तालुक्याला विज्ञान शिक्षकांचं शिबिर झालं. पुण्याहून दोघं आली होती, तरुण, खादीतली. त्यांनी सांगितलं की वस्तू कशी असावी हे निसर्गाला विचारायचं. निसर्ग गरजेपेक्षा जास्त काही वापरत नाही. कामाला साजेल असाच आकार देतो. लागणारं सामान जवळपास सापडेल तेच घेतो. आणि त्याच्याकडे कचरा असा नसतोच, एकाने टाकलेलं दुसऱ्याच्या पोटात जातं. आता प्रत्येकाने घरातली रोजच्या वापरातली एक वस्तू घ्यायची, दोन-तीन महिने तिच्यावर नजर ठेवायची आणि या कसोट्यांवर तिला गुण द्यायचे. गणपतीनंतर सगळ्यांनी ते मांडून दाखवायचं. कुणी बादली घेतली, कुणी झाडू. माझ्या तोंडून फणी कधी निघून गेलं, मलाच कळलं नाही.

मी कामाला लागलो. कसा लागलो म्हणून सांगू! भिंगाखाली प्लास्टिकच्या फणीचे दात पाहिले. साच्याच्या दोन बाजू जुळतात तिथे दाताच्या मधोमध एक धारदार रेघ राहते. केस त्या रेघेवर घासतो आणि चिरतो. शिवाय ही फणी घासून वीज धरते, कोरड्या हवेत केस फणीच्या मागे उभे राहतात. मोडली तर सांधता येत नाही, पुरली तर कुजत नाही. मला तिच्यात एकामागून एक दोष दिसत गेले आणि प्रत्येक दोषाने मला बरं वाटत गेलं.

लाकडी फणीला गुण बरे पडले, पण पावसाळी दमट हवेत ती फुगली आणि तिचे दोन दात गेले. मग आईच्या पेटीतून तिची जुनी शिंगाची फणी काढली. शिंग आणि केस एकाच द्रव्याचे असतात. म्हणून शिंगाचा दात केसाला परका नाही, त्यावरून केस न अडकता घसरतो. गुरांच्या या मुलखात शिंगाला तोटा नाही, आणि फणी मोडली तर माडाच्या मुळाशी टाकली की खत. मी तिला जवळपास पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

आई पडवीच्या खांबाला टेकून हे सगळं बघत असायची. "शिरा पडो तुझ्या शिकपार! सासू म्हातारी झाली, सून म्हातारी होतली, तुजी फणी काय पास होवची नाय."

"आये, परीक्षा आसा ही."

"कोणाची रे?"

एकदा बायको परड्यात बांगडे साफ करत होती. मला हाक मारून तिने एका बांगड्याचा कल्ला उचलून धरला. आत लाल कमानीला बारीक पांढरे दात ओळीने बसवलेले होते. "ही बघा तुमची फणी," ती म्हणाली. त्या दातांनी बांगडा पाण्यातलं बारीक खाणं गाळून घेतो, पाण्याला मात्र जाऊ देतो. मी आनंदाने तिथेच उकिडवा बसून चित्र काढलं. मग खाडीवरचा बगळा आठवला. त्याच्या मधल्या बोटाच्या नखाला दाते असतात आणि त्यांनी तो पिसं विंचरतो. त्या दिवशी आम्ही कितीतरी महिन्यांनी पाच-दहा मिनिटं एकमेकांशी बोललो. बांगड्याबद्दल आणि बगळ्याबद्दल. ती माझ्याकडे बघून बोलत होती आणि मी कागदाकडे बघत होतो.

दरम्यान तिने शिंगाची फणी वापरायला घेतली होती आणि श्रावण उजाडता उजाडता गळणं कमी झालं. मी रोज गुंतवळ मोजायचो, तिला विचारून घ्यायचो, ती मुकाट्याने हातावर ठेवायची. आकडे उतरताना दिसत होते. भाषणासाठी केलेल्या तक्त्यावर मी लाल खडूने रेघ ओढली. प्लास्टिकच्या दिवसांत वर, लाकडाच्या वेळी जरा खाली, शिंगाला अगदी खाली. सिद्ध झालं.

गणपती गेले. भाषणाच्या आदल्या दिवशी मी आरशासमोर उभा राहून मोठ्याने सराव करत होतो. ती मागे चुलीपाशी होती. मी शाळेतल्या आवाजात म्हणत होतो, "निसर्गात गळलेलं काहीही वाया जात नाही. पान गळलं की माती त्याला कुशीत घेते. जे गळतं, ते कुणीतरी उचलतंच."

"आणि आमचा?" ती मागून म्हणाली.

मी थांबलो.

"आमचा जा गळला, ता कोणी उचलल्यान? खंय ठेवल्यान? फणयेक तुमी इतके मार्क दिलात. माका काय व्हया ता एकदा तरी इचारलात?"

तिच्या आवाजात राग नव्हता. भात वैरताना विचारावं तसं तिने ते विचारलं होतं. मी आरशात पाहिलं, तर तिथे ती दिसत होती, म्हणून नजर खाली घेतली. "उद्या लवकर निघूक व्हया," असं काहीतरी पुटपुटलो आणि तक्ता गुंडाळायला घेतला. उत्तर मला माहीत होतं. सगळ्या जगात ते फक्त मला आणि गोव्याच्या बोटीवरच्या एका माणसाला माहीत होतं.

भाषण सुरेख झालं. बांगड्याच्या कल्ल्याला टाळ्या पडल्या. बगळ्याला त्याहून जास्त. पुण्याची ती दोघं मान डोलावत होती. जिल्ह्याला माझाच तक्ता पाठवायचा असं ठरलं. मग प्रश्न विचारायला सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून एक बाई उठल्या, देवगडकडच्या कुठल्याशा शाळेतल्या, माझ्यापेक्षा वयाने मोठ्या.

"सर, सगळं छान मांडलंत. फक्त ती लाल रेघ मला पटत नाही. तीन महिन्यांनी सुरू होऊन पुढच्या तीन-चार महिन्यांत आपोआप थांबणारी गळती बाळंतिणीची असते. त्यात फणीचा दोष नाही आणि गुणही नाही. तुमच्या घरात बाळंतपण झालंय का?"

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "सर, पेढे दिले नाहीत तुम्ही!"

"नाही," मी म्हणालो. "तसं काही नाही."

बाई बसल्या. म्हणाल्या, "मग माझंच चुकलं असेल."

लोक येऊन हात मिळवत होते आणि मी हसत होतो. घरी परत यायला एसटी मिळाली. खिडकीशी बसलो तेव्हा कळलं की मी तोंडातून काय काढलं होतं. आधी पाहिलं नाही म्हणालो होतो. आता ती झालीच नाही म्हणालो. आणि हे बायकोला सांत्वन म्हणून नव्हे, टाळ्या पडलेल्या एका लाल रेघेसाठी. तक्ता मी गाडीतच ठेवून उतरलो. विसरलो असं पुढे शाळेत सांगितलं.

ती पडवीत सूप घेऊन कुळीथ निवडत बसली होती. आई देवळात गेली होती. मी चपलाही न काढता पायरीवर बसलो.

"मी बघलेलंय तिका," मी म्हटलं.

ती निवडत राहिली. मान वर न करता म्हणाली, "माका म्हायत आसा."

"कोणी सांगल्यान?"

"कोण सांगतलो? तेवापासून तुमी माझ्या तोंडाकडे बघूक नाय. फणयेकडे तेवढा बघलात." मग सूप बाजूला ठेवून ती म्हणाली, "वरच्या काजीत त्या कोपऱ्यात फुरसा आसा म्हणान माका काजी जमवक जावक दिलात नाय. थंयच ना?"

मी होकाराची मान हलवली. काजूच्या त्या बागेत विषारी फुरसं आहे म्हणून मी तिला घाबरवत होतो आणि स्वतः मात्र शाळा सुटल्यावर तिथेच जाऊन उभा राहत होतो.

"माझा होता ता," ती म्हणाली. आता तिचा आवाज चढला. "नऊ महिने माझा होता. माका न इचारता नको म्हणणारे तुमी कोण?"

"तुका त्रास होतलो म्हणान..."

"माका? की तुमका?"

हा प्रश्न मी कित्येक महिने चुकवला होता. भिंगाखाली फणीचे दात बघण्यात तो चुकत होता. "माका," मी म्हणालो. तिला रडताना बघायची माझी ताकद नव्हती, म्हणून मी तिचं रडणंच काढून घेतलं होतं. तेव्हा मला हे अशा शब्दांत सांगता आलं नसतं. तेव्हा फक्त "माका" एवढंच म्हणालो.

ती बराच वेळ रडली. मी तिच्या तोंडाकडे बघत बसलो. मग पदराने तोंड पुसून ती म्हणाली, "आता सांगा. पयल्यापासून सांगा."

मी सांगितलं. केस होते का? होते, ओले, कपाळाला चिकटलेले. नखं? होती, एवढी एवढी. ओठ कुणासारखे? ते मला कळलं नाही, खरंच कळलं नाही. वजन? हातात घेतलं तेव्हा वाटलं त्यापेक्षा जास्त होतं. ती मध्येच थांबवायची, मागे न्यायची, तेच पुन्हा सांगायला लावायची. एका ठिकाणी मी घाईने पुढे गेलो तर म्हणाली, "रवा. हळू." सांगायला फारसं काही नव्हतं, तरी सांगून संपेना.

आई आली तेव्हा आम्ही तसेच बसलेले होतो. तिने दोघांकडे पाहिलं आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने आंघोळ केली, परड्यातली दोन-चार फुलं काढली आणि वरच्या काजीकडे निघाली. मीही चपला पायात घातल्या.

"तुमी रवा," ती म्हणाली. "तुमी जावन इलात."

मी पडवीत थांबलो. ऊन चढलं. जेवायची वेळ टळून गेली तरी ती खाली आली नाही. आई दारात येऊन म्हणाली, "खंय गेली रे ती? सकाळपासून दिसणा नाय."

"चेडवाकडे गेलीहा," मी म्हणालो.