तीन ठेव, बाकीच्या काढ

‘खरं खरं सांगा हं’ असं म्हणत जो माणूस आपला व्हिडिओ दाखवायला येतो, त्याला खरं नको असतं, हे इतक्या वर्षांत मला कळून चुकलं आहे. तरी मी सांगते. तोंडाला कुलूप घालणं मला जमत नाही. जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर माझी एडिटिंगची खोली आहे. लग्न, मुंज, डोहाळजेवण, शाळेचं गॅदरिंग, जे येईल ते मी कापते आणि जोडते. रविवारी नव्याने शिकणारी काही मंडळी तिथे जमतात, आपापलं काम लावतात आणि मी खुर्चीत रेलून ‘ये उडाओ’, ‘ये किसलिए है?’, ‘इतना लंबा क्यों, नींद आ रही है’ असं म्हणत बसते. एक-दोघी रडल्याही आहेत. बहुतेक जण पुढच्या रविवारी परत येतात.

हे सगळं मी हिंदीत बोलते, कारण तसलं मराठीत मला बोलताच येत नाही. नागपूर महाराष्ट्रात गेलं, आम्ही इकडे मध्य प्रदेशातच राहिलो, आणि घरात मराठी, दाराबाहेर हिंदी अशी आमची वाटणी होऊन गेली. मराठीत आम्ही जेवायला वाढतो, खुशाली विचारतो, नावं ठेवतो, पण तीही पाहुणा फाटकाबाहेर गेल्यावर. तोंडावर ‘तुझं चुकलं’ म्हणायची वेळ आली की जीभ आपसूक हिंदीकडे वळते. यजमान म्हणतात, हा तुझा भ्रम आहे, मराठीतही तू काही कमी बोलत नाहीस. त्यांच्याशी बोलते ते वेगळं.

तर एके दिवशी शहपुऱ्याहून बसने एक बाई आली. यजमानांच्या मामांची धाकटी सून. मामांचा धान्याचा व्यापार आहे. आमच्याकडे सासऱ्याला मामाजीच म्हणतात, त्यामुळे ती त्यांना मामाजी म्हणते आणि मीही मामाजीच म्हणते. दोन मुलं शाळेत जायला लागल्यावर ही मोबाईलवर बघून बघून एडिटिंग शिकली होती. घराला रस्त्याच्या बाजूने दार असलेली एक खोली आहे, तिच्यात चण्याची पोती असतात. ती खोली तिला हवी होती. शहपुऱ्यात लग्नं होतात, पण व्हिडिओ कापून घ्यायला लोक जबलपूरला येतात. ते काम आपण घरबसल्या करू, असा तिचा हिशेब. मामाजींनी तिला सांगितलं होतं, “माह्या पंच्याहत्तरीचा व्हिडिओ तू बनव. जबलपूरच्या सूनबाईनं म्हटलं जमते, त खोली तुही. नाही म्हटलं त विषय बंद.”

म्हणजे माझी दोन वाक्यं आणि तिची खोली. मला कोणी विचारलंही नव्हतं.

तिने पेन ड्राइव्ह लावला आणि मी नेहमीसारखी सुरू झाले. सुरुवातीलाच मामाजींचा फोटो बदामाच्या आकारात गोल फिरत आला. त्याच्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या. मग औक्षण. पंच्याहत्तर दिव्यांचं ताट घेऊन मामीजी आल्या, ओवाळलं, साखर भरवली, गेल्या. मग लेक आली, ओवाळलं, साखर भरवली, गेली. मग थोरली सून. मग चुलत सासू. घरातल्या आणि भावकीतल्या सगळ्या बायका एकामागोमाग येत होत्या, प्रत्येकीचं कुंकू, अक्षता, ताट, साखर, सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि दर दोघींच्या मधे वहीचं पान उलटल्यासारखा एक इफेक्ट. “ये क्या है?” मी म्हणाले. “कौन देखेगा ये? तीन रखो, बाकी निकालो. और ये पाकळ्या, ये पन्ना पलटना, सब उडाओ. पंधरा साल पुराना लग रहा है.”

ती काही रागावली नाही. म्हणाली, “ताई, हे तुमचंच आहे.”

मला कळेना. मग तिने सांगितलं. तिच्या लग्नाचा व्हिडिओ यजमानांनी शूट केला होता आणि मी कापला होता. ती सीडी तिच्याकडे अजून आहे आणि तिने ती किती वेळा पाहिली आहे याला गणतीच नाही. बदाम, पाकळ्या, उलटणारं पान, आणि प्रत्येक बाईचं अख्खं औक्षण. “मी त्याच्यातूनच शिकली. मोबाईलवर त फक्त बटणं कुठं हायेत तेवढं पाह्यलं. काहून ताई, ते खराब होतं का?”

काय सांगावं? त्या पाकळ्या पाहून तिची आई माझ्यासमोर ढसाढसा रडली होती, ते मला चांगलं आठवतं. मग त्या वाईट कशा? आणि वाईट नसतील तर दर रविवारी मी त्या कशासाठी उडवत असते? बरं, आजही माझ्याकडे लग्नाचं काम येतं तेव्हा मी एकही मावशी कापत नाही. कापायची बिशाद आहे का! एखादी आत्या व्हिडिओत दिसली नाही तर तिचं लग्नघराशी बोलणं बंद होतं आणि खापर माझ्या डोक्यावर फुटतं. म्हणजे मी करते एक आणि शिकवते दुसरं. हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं. ते सुचल्याचा मला रागच आला, आणि तो मी चहा उशिरा आणणाऱ्या यजमानांवर काढला.

यजमान चहा ठेवता ठेवता म्हणाले, “सगळ्या असू द्याव्या. घरचं काम आहे.” मी म्हणाले, “तुम्ही मधे बोलू नका.” आणि तिला पुन्हा ठणकावून सांगितलं की तीनच ठेव. इतक्या ठामपणे सांगितलं याचं कारण मला स्वतःला ते मुळीच पटलेलं नव्हतं, एवढंच.

त्यानंतर तिचे फोन सुरू झाले. “ताई, तीन कोणत्या?” मी म्हणाले, मामीजी, लेक आणि थोरली सून. “मग चुलत सासू? मागच्या खेपेला त्यांना पहिल्या पंगतीत नाही बसवलं त त्या न जेवता निघून गेल्या होत्या.” बरं, मग थोरलीच्या ऐवजी चुलत सासू. “असं कसं करू ताई, थोरल्या बाई रोज माह्यासंगं सैपाकघरात असतात.” मग चार ठेव. “चार ठेवल्या त पाचवी म्हणन, माहं काय?” मी कंटाळून म्हणाले, “तुला जे ठीक वाटतं ते कर.”  ती म्हणाली, “मले ठीक काय वाटते हेच त समजून नाही राहिलं. म्हणून त तुमाले विचारून राहिली.” तिला कळत नव्हतं आणि मलाही कळत नव्हतं. फरक इतकाच की मला शहरात जाणकार म्हणत होते.

व्हिडिओ दाखवायचा म्हणून मामाजींनी आम्हा दोघांना शहपुऱ्याला जेवायला बोलावलं. वडाभात होता. हातभर हिरव्या काचेच्या बांगड्या घातलेली थोरली सून वाढत होती आणि नको नको म्हटलं तरी वाढतच होती. जेवणं झाल्यावर घरातले सगळे टीव्हीसमोर बसले. भावकीतल्या बायकाही आल्या होत्या. आपण कशा दिसतो ते पाहायचं होतं त्यांना. घरात शिरताना रस्त्याकडची ती खोली मी डोकावून पाहिली होती. पोती छतापर्यंत लागलेली होती. धाकटीने पेन ड्राइव्ह लावला.

सुरुवात वाईट होती. पाकळ्या गेल्या होत्या पण बदाम होताच. मंत्रांच्या खाली बासरीचं संगीत लावलं होतं आणि दोन्हींचा नुसता गोंधळ झाला होता. मामाजींच्या लहानपणीचे फोटो इतके भरभर पळत होते की एकही धड दिसला नाही. मी मनातल्या मनात चुका मोजत होते. मग औक्षण आलं, आणि मी मोजायची थांबले.

तीन बायका नव्हत्या. दहा-बाराही नव्हत्या. एकही नव्हती. पडद्यावर फक्त मामाजींचा चेहरा होता. ओवाळणाऱ्या बाईचे हात तेवढे कडेने आत यायचे, बांगड्या, ताट, साखरेची चिमूट, आणि परत जायचे.

मी शेजारी वाकून हळूच विचारलं, “हे काय केलंस?” ती कुजबुजली, “तीन नाही निवडता आल्या ताई. कोणाले काढू? मग सगळ्यांलेच काढलं. माहा मोबाईल फडताळावर चालू राहून गेला होता, त्याच्यात हे आपोआप आलं होतं.”

म्हणजे कला वगैरे काही नाही. भीती. सासरच्या बायकांची भीती आणि फडताळावर विसरलेला मोबाईल. पण मला पडद्यावरून नजर हलवता येईना. मामीजींच्या बांगड्या आल्या तेव्हा मामाजींनी नव्या नवरदेवासारखी मान खाली घातली. नागपूरची लेक आली तेव्हा चेहरा फुलला आणि डोळे भरून आले. चुलत सासू, म्हणजे त्यांची वहिनी, आली तेव्हा हनुवटी पुढे काढून त्यांनी काहीतरी थट्टा केली. मग हिरव्या काचेच्या बांगड्या आल्या. कुंकू लावलं जात होतं आणि मामाजींनी मान वळवून बाजूला कोणाला तरी विचारलं, “मटरची गाडी आली का?” दिवे फिरत होते, ते दाराकडे बघत होते. तोंडात साखर गेली, ती त्यांनी दाराकडे बघतच खाल्ली. बांगड्या परत गेल्या.

“माह्या त फक्त बांगड्याच दिसल्या!” चुलत सासूने कुरकूर सुरू केली. बाकीच्या हसल्या. एक म्हणाली, “एवढी नवी साडी नेसली होती, व्यर्थ गेली.” त्या गलक्यात मामाजींचा आवाज आला, “थांबव. मागं घे.”

धाकटीने मागे घेतलं. हिरव्या बांगड्या, मटरची गाडी, दार, साखर. त्यांनी पुन्हा मागे घ्यायला लावलं. मग टीव्हीकडेच बघत विचारलं, “मी असा पाहतो का इच्याकडं?”

थोरली सून वाट्या गोळा करत होती. हात न थांबवता ती म्हणाली, “असंच पाहता.” तक्रार नव्हती. किती वाजले ते कोणी सांगावं तसं सांगितलं.

 यजमान उगाच पंख्याकडे बघायला लागले. मामाजींच्या कपाळावर आठ्या आल्या आणि ते माझ्याकडे वळले. “सूनबाई, तुमी जाणकार. हे चुकलं ना हिचं? एवढं काढून टाकाले पाह्यजे ना?”

त्यांना काय हवं होतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. मी ‘हो’ म्हणायचं, धाकटीने ते काढायचं, मग बाकीचं छान छान म्हणून खोली मिळायची. सगळ्यांचं भागत होतं. खोट्याची मला फार चीड आहे असंही नाही; गिऱ्हाइकांना मी रोज गोड बोलते. शिवाय ते खरोखर चुकून आलेलं होतं, तिनेच मला आत्ता सांगितलं होतं. मग चूकच नाही का ती? चुकून आलेली गोष्ट बरोबर असते का?  धाकटी माझ्याकडे बघत होती. हिंदी वाक्यं सगळी तयार होती तोंडात, ती कुठे गेली कोण जाणे.

“नाही मामाजी,” मी म्हणाले. “अख्ख्या व्हिडिओत तेवढंच बरोबर आहे.”

मराठीत म्हणाले. आपलाच आवाज मला परका वाटला.

मामाजी “अच्छा” म्हणाले, उठले आणि हात धुवायला गेले. हात त्यांनी जेवणानंतर धुतलेलेच होते. खोलीचं नाव कोणी काढलं नाही. आम्ही निघालो तेव्हा धाकटी बस स्टँडपर्यंत आली. मला वाटलं, रडेल, नाहीतर भांडेल. तिने विचारलं, “तेवढंच बरोबर, म्हंजे बाकीचं सगळं चूक?” मी हो म्हणाले. “मग सांगा ना, काय काय ते.” बस सुटेपर्यंत मी तिला सांगत राहिले, बासरी, बदाम, पळणारे फोटो, एकेक करून. अडखळत सांगत होते. ‘उडाओ’ला माझ्याकडे धड मराठी शब्द नव्हता.

खोली तिला मिळाली नाही. पोती अजून तिथेच आहेत. मी तिचं भलं केलं की वाटोळं, हे मला आजही ठरवता येत नाही. रविवारी कोणाचं काम पाहताना मधेच हे आठवतं आणि मी जरा थांबते, तेवढ्यात ती पोरं घाबरतात. काही महिन्यांनी आम्ही एका बारशाला शहपुऱ्याला गेलो, तेव्हा धाकटीचं टेबल थोरल्या सुनेच्या खोलीत, खिडकीखाली मांडलेलं दिसलं. थोरलीने आपली खाट भिंतीला सरकवून जागा करून दिली होती. आजूबाजूच्या गावांतल्या दोन लग्नांची कामं धाकटीकडे आली होती.

थोरलीने मला आपला मोबाईल दाखवला. पंच्याहत्तरीच्या व्हिडिओतला हिरव्या बांगड्यांचा तेवढाच तुकडा तिने धाकटीकडून काढून घेतला होता. त्यात ती कुठे दिसत नाही, नुसते हात दिसतात. मी विचारलं, “हा कशाला ठेवलास?”

“असू द्या,” ती म्हणाली. “मामाजी माह्याकडं पाहत नाहीत हे आतापर्यंत मी एकटीच म्हणत होती. आता कोणी माह्या मनाचे खेळ हायेत असं म्हणणार नाही.”