आधी ओळख लागते का

माझा नवरा नाशिकला गेला तो साथीच्या दुसऱ्या वर्षी, इथला उन्हाळा संपत आला होता तेव्हा. सासूबाई बाथरूममध्ये घसरून पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. सासरे स्वतःच काठी धरून चालायचे. तो एकुलता एक. ऑस्ट्रेलियाबाहेर पडायला तेव्हा सरकारची परवानगी लागायची. ती एकदा नाकारली गेली, मग मिळाली. एअरपोर्टवर मी त्याला म्हटलं, तू गेलास की मला इकडे घाबरायला होणार. तो म्हणाला, "अगं, आईला उठून बसता आलं की आलोच मी."

आम्ही सिडनीत क्वेकर्स हिलला राहतो. तेव्हा इथे साथ जवळपास नव्हतीच. मी चाइल्डकेअरमध्ये काम करते. सकाळी मुलं आईबापांचा हात सोडून आत पळत यायची, शनिवारी पार्कात वाढदिवस व्हायचे, कॉफीच्या दुकानाबाहेर जागा मिळायची नाही. माझी मुलगी पंधरा वर्षांची. ती शाळेतून आली की आधी बाबाला व्हिडिओ कॉल करायची. तो तिला आजीचा वॉकर दाखवायचा, स्वतः केलेली मुगाची खिचडी दाखवायचा. आईला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला पावडर कशी लावायची हे सगळं तो शिकला होता. घरी त्याला चहा गाळतानाही गाळणी सापडायची नाही.

मग तिकडे दुसरी लाट आली. त्याच्या परतीच्या तिकिटाला थोडेच दिवस उरले होते आणि इथल्या सरकारने भारतातून येणारी विमानं थांबवली. पाठोपाठ जाहीर झालं, की कुणी दुसऱ्या देशातून वाट वाकडी करून आलंच तर त्याला दंड होईल, तुरुंगही होऊ शकेल. स्वतःच्या नागरिकांना. मी ती बातमी चाइल्डकेअरमधल्या सँडपिटच्या कडेला उभी राहून वाचली. एक छोटी माझ्या बुटावर वाळू ओतत होती आणि मला तिला नको म्हणायचंही सुचलं नाही.

इथल्या मराठी लोकांचा एक मोठा ऑनलाइन ग्रुप होता. भाड्याने खोली, गणपतीची मूर्ती, मुलांचं मराठी, व्हिसाच्या शंका, सगळं त्यावर चालायचं. त्यात कॅनबेराच्या गुंगालिनमध्ये राहणारे एक गृहस्थ होते. सरकारी नोकरीत, पन्नाशी ओलांडलेले. सगळे त्यांना दादा म्हणायचे. आम्ही नवीन आलो होतो तेव्हा इथला नोकरीचा अनुभव नसताना भाड्याने घर कसं मिळवायचं, हे त्यांनी मला त्या ग्रुपवर बारीकसारीक समजावून सांगितलं होतं. आमची कधी भेट झाली नव्हती, पण घर मिळालं तेव्हा मी त्यांना पेढ्यांचा फोटो पाठवला होता.

बंदीच्या दुसऱ्या दिवशी त्याच दादांनी लिहिलं: "कडू वाटेल, पण निर्णय बरोबर आहे. धोका माहीत असताना जे स्वतःच्या मर्जीने गेले, त्यांनी आता तिथलं निस्तरावं. आम्हीही इथे मन मारून राहिलोच ना? त्यांच्या हौसेसाठी इथल्या सगळ्यांनी जीव का धोक्यात घालायचा?"

हौस हा शब्द मी परत परत वाचला. सासूबाईंच्या खुब्यात घातलेला रॉड माझ्या डोळ्यांसमोर होता.

त्याखाली भराभर पसंतीचे अंगठे पडत गेले. ओळखीचे लोक होते त्यात. आमच्या घरी जेवून गेलेले होते. एकीच्या मुलाला तर मी रोज चाइल्डकेअरमध्ये झोपवत होते. विरोधातले लोकही मग तुटून पडले. कुणी दादांना सरकारचा जावई म्हटलं, कुणी त्यांचा पगार काढला, आणि एकाने लिहिलं, तुमची आई तिकडे तडफडेल तेव्हा कळेल. ते वाचून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. संध्याकाळपर्यंत ॲडमिनने कॉमेंट बंद केल्या. कुणाचंही मत तसूभर हललं नव्हतं.

मी दादांना वेगळा मेसेज केला. मी कोण, नवरा कुठे अडकलाय, का गेला, एवढं लिहिलं. तुम्ही लिहिलेलं मागे घ्या असं माझं म्हणणं नाही, असंही लिहिलं. आणि शेवटी विचारलं, तुमचं कोण असतं तिकडे?

आधी त्यांनी सरकारी नियमांचं एक पान पाठवलं, त्यात अपवाद कुणाला मिळतो ते होतं. मी धन्यवाद म्हटलं. दुसऱ्या दिवशी माझ्या जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. मी मागच्या अंगणात जाऊन घेतला.

आवाज लिहिण्यापेक्षा खूप मऊ होता. बराच वेळ ते इकडचं तिकडचं बोलले. कॅनबेराला थंडी कशी लवकर सुरू झालीय, माझी मुलगी कितवीत आहे. मग म्हणाले, माझे वडील गेले मागच्या वर्षी, कराडला. वडील आजारी पडले तेव्हा त्यांनीही जायची परवानगी काढली होती. बॅग भरली होती. पण परत येता आलं नाही तर नोकरी, मुलं, घर, असा सगळा विचार करून ते राहिले. धाकट्या भावाने एकट्याने सगळं केलं. दादांनी अंत्यसंस्कार फोनवर बघितले. भाऊ त्यानंतर त्यांच्याशी बोलत नव्हता.

 आत मुलांना झोपवायला लावलेलं संगीत ऐकू येत होतं.

"ताई, गेलेल्यांना बरोबर म्हटलं, तर माझं काय उरतं?" ते म्हणाले.

त्या क्षणी त्यांच्याविषयीचा माझा राग संपला असं नाही. पण तो कुठे ठेवायचा ते मला कळेनासं झालं. मी त्यांना नवऱ्याचा नंबर दिला. का दिला ते आजही नीट सांगता येणार नाही. वाटलं, हे त्याने ऐकायला हवं.

त्या दोघांचं रोज बोलणं सुरू झालं. नवरा मला सांगायचा, तुझे ते कॅनबेराचे दादा भलतेच बोलके आहेत गं. दादा त्याला सासूबाईंचे व्यायाम विचारायचे, कराडच्या आणि नाशिकच्या मिसळीवरून दोघांचा वाद चालायचा. एकदा नवरा त्यांना म्हणाला, हे दादांनीच मला नंतर सांगितलं, की दादा, तुम्ही आला असता तरी वडील गेलेच असते. मी आलो म्हणून आई चालायला लागली असंही नाही. मी आलो, कारण मला तिथे राहवेना. तुम्ही राहिलात, कारण तुम्हाला तिथून हलवेना. दोघंही घाबरलोच होतो.

मे महिन्यात दादांनी ग्रुपवर पुन्हा लिहिलं. जुनी पोस्ट त्यांनी काढली नाही. लिहिलं, की मी गेलेल्यांना हौशी म्हणालो ते चूक होतं. माझ्या स्वतःच्या दुःखाचा राग मी अनोळखी माणसांवर काढला. आपलीच माणसं आहेत, त्यांना परत यायचा हक्क आहे, आणि त्यासाठी मी माझ्या खासदाराला कळवलं आहे, तुम्हीही कळवा.

मला वाटलं होतं, आता तरी लोक निवळतील. झालं उलटंच. ज्यांनी आधी अंगठे दिले होते ते म्हणाले, दादांनी टोपी फिरवली. जे चिडलेले होते त्यांनी जुन्या पोस्टचा फोटो काढून नव्या पोस्टखाली चिकटवला आणि म्हणाले, आता साळसूद झाले. कुणीतरी विचारलं, कुणाचा दबाव आला? मत बदललेला माणूस दोन्हीकडच्यांना नको होता. आपल्या मतावर अडून बसला असता तर निदान अर्धा ग्रुप त्यांच्या बाजूने राहिला असता. दादांनी एकालाही उलट उत्तर दिलं नाही. मला फक्त म्हणाले, चालायचंच.

त्याच आठवड्यात नवऱ्याला ताप आला.

पहिले दोन-तीन दिवस तो हसून बोलत होता. मग वाक्याच्या मध्येच थांबायला लागला. ऑक्सिजन खाली गेला आणि नाशिकमध्ये बेड मिळेना. मी इथून फोन लावत होते. नंबर लागायचे नाहीत, लागले तर कुणी उचलायचं नाही. दादांना कळवलं. त्यांचा तो न बोलणारा भाऊ औषधांच्या कंपनीत होता, नाशिकच्या बऱ्याच डॉक्टरांना ओळखायचा. दादांनी त्याला फोन केला. वडील गेल्यानंतरचा पहिला फोन. भाऊ इतकंच म्हणाला, पेशंटचं नाव आणि वय पाठव. दुपारपर्यंत बेड मिळाला.

नवऱ्याने आतून एक मेसेज केला, मास्क लावलाय, काळजी करू नकोस, आईची गोळी बाबांना आठवण करून दे. मी सासऱ्यांना फोन करून गोळीची आठवण केली. पुढे रोज करत राहिले, कारण करण्यासारखं माझ्या हातात तेवढंच होतं.

सासऱ्यांचा फोन आला तेव्हा इथे दुपार होती. मी मुलीच्या शाळेबाहेर गाडीत बसले होते. ते म्हणाले, "बाळ, तू बसली आहेस ना?"

मी बसलेलीच होते. मुलं गेटमधून बाहेर येत होती. माझी मुलगी मैत्रिणीच्या कुठल्याशा बोलण्यावर हसत गाडीकडे चालत आली, आणि तिने दार उघडेपर्यंतचा तो वेळ तिच्या आयुष्यातला शेवटचा तसा वेळ होता. मी तो तिच्याकडून घेणार होते.

त्याला आम्ही बघितलं नाही. अमरधाम स्मशानात कर्मचाऱ्यांनीच सगळं केलं. सासरे काठी टेकत गेटपर्यंत गेले होते, त्यांना आत सोडलं नाही.

ग्रुपवर त्या दिवशी हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. भावपूर्ण श्रद्धांजली. फार चांगला माणूस होता. काही मदत लागली तर सांगा. बंदीला अंगठा दिलेली जवळजवळ सगळी नावं त्यात होती. ती माणसं खोटं लिहीत नव्हती, हे मला कळत होतं. एकीने तर डबे पाठवले, तीही रडली माझ्या गळ्यात पडून. मी तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले आणि मनात विचारत राहिले, मग तेव्हा काय झालं होतं तुला?

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आणि वहिनी कॅनबेराहून गाडी चालवत आले. आमची ती पहिली भेट. फोटोत दिसायचे त्याहून बुटके होते. वहिनींनी आल्या आल्या स्वयंपाकघर हातात घेतलं, भात टाकला, साधं वरण केलं. दादा सोफ्याच्या टोकाला बसले होते. 

मुलगी खोलीतून बाहेर आली. कालपासून ती कुणाशी बोलली नव्हती. ती आमच्याशी बोलताना नेहमी इंग्रजीवर जाते, पण त्या दिवशी जाणूनबुजून मराठीत बोलली. त्यांना नीट समजावं म्हणून असेल.

"काका, माझ्या बाबाशी ओळख झाली नसती, तर तुम्ही तेच म्हणत राहिला असता का?"

मी तिला थांबवणार होते. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. दादांनी चष्मा काढून हातात धरला.

"हो," ते म्हणाले. "बहुतेक हो."

ती म्हणाली, "मग बाकीच्यांचं काय? सगळ्यांचीच ओळख कशी होणार तुमच्याशी?"

  दादांनी उत्तर देण्याचा प्रयत्न केला नाही, ह्याबद्दल मी त्यांना आजही मानते. मुलगी परत खोलीत गेली. जेवायला ती आली नाही. वहिनींनी तिचं ताट झाकून ठेवलं.

नंतर सिडनी बंद झालं, कॅनबेराही बंद झालं. दादा दर रविवारी फोन करायचे. त्यांचा भाऊ त्यांच्याशी बोलायला लागला होता. हे सांगताना त्यांचा आवाज अपराध्यासारखा व्हायचा, जणू माझ्या घरातून काही उचलून नेलं असावं. मला खरंच बरं वाटलं होतं. पण फोन ठेवल्यावर कधीकधी मी खूप रडायचे. मुलगी त्यांचा फोन आला की हेडफोन लावायची. मी तिला कधी रागावले नाही. ग्रुप मी सोडला.

सीमा उघडल्यावर आम्ही दोघी नाशिकला गेलो. अस्थी सासऱ्यांनी केव्हाच रामकुंडात सोडल्या होत्या. सासूबाई वॉकर धरून दारापर्यंत आल्या, त्या पडल्यानंतर त्यांना उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. त्यांनी नातीला कितीतरी वेळ सोडलं नाही.

संध्याकाळी आम्ही सगळ्याजणी दिवाणावर बसलो होतो. सासूबाई त्याच्याबद्दलच बोलत होत्या. खिचडीत मीठ विसरायचा, पावडर निम्मी सांडायचा. मग म्हणाल्या, "तुमच्याकडच्या एका दादांचा रोज फोन यायचा बघ त्याला. गॅलरीत जाऊन बोलायचा आणि मोठमोठ्याने हसायचा. त्या दिवसांत तेवढंच हसायचा तो. कोण गं ते, जवळचे होते का?"

मुलगी शेजारीच होती. आजीचा हात तिने मांडीवर घेतला होता.

मी म्हटलं, हो, जवळचे होते.

मुलीने मान वर केली नाही. ती आजीच्या बोटांवरून बोट फिरवत राहिली.