पुढचं गिऱ्हाईक

पाण्याचे मीटर वाचणारी ती बाई गल्लीत शिरली की दिसायच्या आधी ऐकू यायची. उजवा पाय चारचौघांसारखा, डावा चार बोटं आखूड, आणि त्या आखूड पायात तेवढ्याच उंचीच्या लाकडी तळाचा बूट. तो फरशीवर पडला की टक, पुन्हा पडला की टक. म्हणून तिचं नाव टकटक पडलं होतं. पोरंसोरं मागून हाक मारायची, मोठी माणसं तोंडावर. तिला त्याचं फारसं वाटत नसे. ऑफिसात शिपायाला झुरळ म्हणत आणि हेडक्लार्कला जांभई. त्या मानानं आपल्याला बरं मिळालं, असं तिचं मत होतं.

सोळा वर्षं ती रोजंदारीवर होती. अकरा गल्ल्या, आठशेवर मीटर, खांद्याला पिशवी, हातात वही आणि जमिनीतलं झाकण उचलायला लोखंडी आकडा. गल्ल्यांमधली कुत्री तिला ओळखत होती. चावायची, पण ओळखीनं चावायची. राहायला ती धाकट्या भावाकडे होती. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळकांडीत तिची खाट, आणि खाटेला आडोसा म्हणून भावजयीची फाटकी साडी. ज्याला न्हाणीघरात जायचं असेल तो तिच्या उशाशी 'जरा हं' म्हणून जायचा. 'जरा हं' हे शब्द तिनं त्या घरात किती वेळा ऐकले याची नोंद कुठल्या वहीत नव्हती.

मग ऑफिसात नवीन साहेब आले. आल्याआल्या त्यांनी दोन कामं केली: आपल्या खोलीचे पडदे बदलले आणि रोजंदारीवरच्यांना कायम करायचा कागद काढला. कायम होणाऱ्याला ऑफिसच्या इमारतीत एक खोली मिळणार होती. दार असलेली. कागदाच्या शेवटी बारीक अक्षरात एक अट होती. पिशवी खांद्याला लावून पाण्याच्या टाकीपासून ऑफिसपर्यंतचे चार किलोमीटर पाऊण तासात चालून दाखवायचे. चालेल तो कायम, न चालेल त्याला नमस्कार. तारीख पुढच्या महिन्याची चोवीस.

टकटक रोज त्याच्या दुप्पट चालत होती, पण थांबत थांबत, मीटर वाचत. सलग चालायचं म्हटल्यावर बूट आड आला. तो करून देणारा म्हातारा तीन वर्षांपूर्वी वारला होता, आणि तेव्हापासून तो बूट खिळे ठोकून, डिंक भरून कसाबसा ओढला जात होता. तळ एका अंगानं झिजलेला. तिनं गुपचूप तीनदा टाकीपासून चालून पाहिलं. तिन्ही वेळा एक तास पाच मिनिटं, आणि नंतर दोन दिवस कंबर धरून बसणं.

"त्या बुटाला आता पेन्शन द्या, वन्सं," भावजय म्हणाली. "तुमच्याआधी तोच कायम व्हायचा. कायमचा!"

तेव्हा टकटक बूटमास्तरकडे गेली. बाजारामागच्या बोळात त्याचं दुकान. भिंतीवर लोकांच्या पायांचे लाकडी साचे टांगलेले, प्रत्येकावर खडूनं नंबर घातलेला. समोर बाकावर नेहमी चारपाच माणसं बसलेली. मास्तर पन्नाशीचा, नखं स्वच्छ, चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला. त्यानं तिचा डावा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. अंगठ्यानं टाच दाबली, घोटा फिरवून पाहिला, आणि म्हणाला, "हा पाय आखूड नाही, बाई. दुसरा जरा जास्त वाढलाय."

बेचाळीस वर्षांत तिला असं कुणी म्हटलं नव्हतं. ती विरघळली. इतकी, की पुढचं सगळं तिनं विरघळलेल्या अवस्थेतच केलं.

"पैसे किती?"

मास्तरनं आकडा सांगितला. तिच्या दोन महिन्यांची कमाई होती. "आणि सगळे आधी," तो म्हणाला.

"निम्मे आत्ता देते, निम्मे बूट घेताना."

"निम्म्या पैशात मी निम्मा बूट करतो. कोणता निम्मा देऊ? पुढचा की मागचा?"

बाकावरची माणसं हसली. तीही हसली, आणि हसता हसता पिशवीतून पुडकं काढून तिनं सगळे पैसे मोजून दिले.

"आता हा जुना ठेवून जा."

"आणि मी घरी कशी जाऊ?"

"त्या म्हाताऱ्यानं वीस वर्षं चुकत चुकत तुमच्या पायाचा उतार शोधलाय. तो ह्याच्या पोटात आहे. पोट फाडल्याशिवाय मला कसा दिसणार? आठ दिवसांचा तर प्रश्न."

दोन सारख्या पायांच्या माणसाकडे घरात तीनचार जोड पडलेले असतात. टकटकसारख्या माणसाकडे एकच असतो, आणि नेमका तोच नमुना म्हणून मागितला जातो. नुसते पैसे दिलेला माणूस वैतागला तर पैशांवर पाणी सोडून दुसरं दुकान गाठू शकतो. पायातलाच काढून दिलेला कुठे जाणार? पण हे तिला नंतर सुचलं. त्या दिवशी ती भावाच्या सायकलवर मागे बसून, डावा पाय रुमालात गुंडाळून, खुशीत घरी आली.

भावानं एका मोडक्या खाटेचा पाय कापला आणि त्याचा ठोकळा तिच्या चपलेखाली सुतळीनं बांधून दिला.

"ही खाट पण आता लंगडी," भावजय म्हणाली. "घरात दोघी झाल्या."

आठ दिवस ती त्या ठोकळ्यावर अकरा गल्ल्या फिरली. घोटा सुजून नारळाएवढा झाला, सुतळीनं कातडी सोलली. आठव्या दिवशी मास्तर म्हणाला, कातडं यायचंय. अकराव्या दिवशी म्हणाला, तळाचं लाकूड वाळतंय, ओल्याचा करून दिला तर पावलागणिक शिव्या द्याल. तिचा जुना बूट फळीवर होता. जीभ वेगळी, टाच वेगळी, तळाच्या चार पट्ट्या ओळीनं मांडलेल्या, खिळे बशीत. तेराव्या दिवशी ती गेली तेव्हा बाकावर बेकरीवाला बसला होता. दिवसभर भट्टीपुढे उभा राहून त्याचे पाय पसरट झाले होते, तयार बुटात मावत नसत. आज त्याच्या पायात कोरे करकरीत काळे बूट होते आणि तो ते सगळ्यांना दिसतील असे पुढे करून बसला होता.

"छान झालेत," ती म्हणाली, कारण खरंच छान होते.

"तुम्ही पैसे कधी दिलेत?"

तिनं दिवस सांगितला. बेकरीवाल्यानं बोटं मोजली. "मग हे तुमच्याच पैशातून झाले. आभारी आहे!"

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचा पुढच्या गिऱ्हाइकाच्या पैशातून होणार. मला पण आधी कळत नव्हतं. पाच महिने ह्या बाकावर बसलो. मग साडूला घेऊन आलो... नाही, साडूनंतर गाडं पुन्हा अडलं, साडूच्या पैशात भलत्याचाच बूट झाला. तुम्ही आलात तेव्हा माझा नंबर लागला."

"साडूंना मिळाले बूट?"

"काय माहीत. साडू आता माझ्याशी बोलत नाही."

टकटकनं मास्तरकडे पाहिलं. तो काही लपवत नव्हता. धाग्याला मेण लावत बसला होता.

"खरंय हे?"

"खोटं कशाला बोलू? चोर असतो तर पळून गेलो असतो, बाई. मी कुणाचा पैसा खाल्लेला नाही. फक्त एक माणूस मागे राहतो. कधीतरी एका माणसाच्या पैशातून माझ्या आईचं आजारपण काढलं, तेव्हापासून तो एक माणूस मागेच आहे."

"आणि तो एक मी."

"आत्ता तुम्ही. कुणालातरी आणा, म्हणजे तुम्ही नाही."

"माझे पैसे परत द्या."

"ते त्यांच्या पायात आहेत. त्यांच्याकडे मागून बघा."

बेकरीवाल्यानं पाय हळूच बाकाखाली घेतले.

"मग माझा जुना बूट द्या!"

मास्तर उठला, सगळे तुकडे कागदावर काढले आणि तिच्यापुढे ठेवले. तिनं जीभ उचलली, टाच उचलली, पट्ट्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या. मग पुन्हा कागदावर ठेवल्या. चोवीस तारखेला अकरा दिवस उरले होते.

सहाव्या गल्लीत एक शिवणकाम करणारी बाई राहायची. नवरा परगावी, पैसे पाठवायचा कधीमधी. तिला नऊ वर्षांची मुलगी होती, आणि मुलीचा एक पाय तीन बोटं आखूड. पोरगी दवाखान्यातून मिळालेला, दोन नंबरनं मोठा बूट घालून शाळेत जायची. पुढे चिंध्या कोंबलेल्या. टकटक मीटर वाचायला आली की शिवणवाली दर महिन्याला न चुकता विचारायची, "ताई, तुमचा बूट कोण करतो हो?" आणि टकटक सांगायची, करणारा वारला.

त्या महिन्यात शिवणवालीनं पाण्याचा तांब्या पुढे केला आणि तिची नजर खाली गेली. "अगंबाई, हे काय बांधलंय पायाला?"

"नवा करायला टाकलाय."

"कुणाकडे?"

टकटक मीटरच्या खड्ड्यात वाकली. आकडा स्वच्छ दिसत होता तरी तिनं काच दोनदा पुसली.

"बूटमास्तर म्हणून आहे. हातात कला आहे त्याच्या," ती म्हणाली. हे खरं होतं. "पैसे मात्र सगळे आधी घेतो." हेही खरं होतं.

"आणि किती दिवसांत देतो?"

"मला आठ म्हणाला."

त्या दिवशी टकटक एक अक्षरही खोटं बोलली नाही. नंतर ती हे स्वतःला पुष्कळदा सांगणार होती.

दुसऱ्या दिवशी ती मायलेकींना घेऊन दुकानात गेली. मास्तरनं मुलीचा पाय मांडीवर घेतला, टाच दाबली, घोटा फिरवला. "हा पाय आखूड नाही, बाळ. दुसरा जरा जास्त वाढलाय." पोरगी खुदकन हसली. आईनं डोळ्याला पदर लावला. टकटक भिंतीवरच्या साच्यांचे नंबर वाचत उभी राहिली. वाचायची तिला सवयच होती.

शिवणवालीनं पैसे दिले. चुरगळलेल्या लहान लहान नोटा होत्या, मोजायला वेळ लागला. मग मास्तर म्हणाला, "आता तो जुना ठेवून जा."

शिवणवालीचा हात थांबला. "तिची शाळा आहे हो... एकच आहे." आणि ती वळली. "ताई, तुम्ही सांगा. द्यायचा का?"

मास्तरनं मान वर केली नाही. बाकावर कुणीतरी खोकलं. टकटकचा घोटा ठणकत होता, आणि तिला त्या क्षणी, का कोण जाणे, आपल्या खाटेजवळून जाणाऱ्या माणसांची पावलं आठवली.

"द्या," ती म्हणाली. "मीही दिला होता."

पोरगी नऊ वर्षांची, अंगानं भरलेली. आईनं तिला कडेवर घेतलं आणि बोळाच्या टोकापर्यंत दोनदा खाली ठेवलं. टकटक मागून चालत होती. ठोकळ्यामुळे तिला उचलू लागता येत नव्हतं, ही एक सोय होती.

नवव्या दिवशी टकटकला तिचे बूट मिळाले. तांबूस कातडं, लोण्यासारखं मऊ, तळ हलका, उतार असा नेमका की जुन्या म्हाताऱ्यालाही वीस वर्षांत साधला नव्हता. पहिल्या पावलाला ती घाबरली, कारण काही दुखलं नाही. चोवीस तारखेला तिनं चार किलोमीटर एक्केचाळीस मिनिटांत कापले. मागून दोन धडधाकट गडी धापा टाकत आले. हेडक्लार्क जांभईनं तोंड मिटून सही केली. आठ दिवसांत खोली मिळाली. खिडकीसमोर भिंत होती, पण दाराला आतून कडी होती. पहिल्या दिवशी तिनं ती कडी पाचसहा वेळा नुसतीच लावली आणि काढली.

"आता आम्हाला विसरा," भावजय म्हणाली, आणि बोळकांडीतली खाट काढून तिथे पिंप ठेवलं.

पुढच्या महिन्यात सहावी गल्ली आली. टाळता येईना, चार घरं सोडली तर वहीत चार रकाने रिकामे दिसले असते. पोरगी उंबऱ्यात बसली होती, आखूड पाय फ्रॉकखाली घेतलेला. शाळेची वेळ होती.

शिवणवाली बाहेर आली. तिनं आधी बुटांकडे पाहिलं. मग खाली बसली आणि टाचेवरच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, कापड पाहतात तसा.

"टाके बारीक आहेत," ती म्हणाली. "हातानं घातलेत."

"हो."

"कधी मिळाले?"

"झाले थोडे दिवस."

"मी तिथे चारदा जाऊन आले. बाकावरच्या लोकांनी सांगितलं सगळं." ती अजून खालीच बसली होती. तिचा अंगठा बुटावरच होता. टकटक शिव्यांची वाट पाहत होती. शिव्या ऐकायची तिनं घरून तयारी करून आणली होती. "मला तिथे नेलंत, त्यानंतर किती दिवसांनी?"

"नऊ."

शिवणवालीनं उंबऱ्याकडे पाहिलं. ओठ हलवत तिनं काहीतरी मोजलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, आणि गल्लीच्या टोकाकडे बघत म्हणाली, "कोपऱ्यावर एक आजोबा आहेत. काठी टेकत जातात. त्यांना विचारू का?"

टकटकनं वहीत आकडा लिहिला आणि वही मिटली.

"आजोबा नको," ती म्हणाली. "म्हातारी माणसं घासाघीस करतात. कुणा मुलाचे आईबाप बघा."