जाऊबाईंचे भाऊसाहेब

माझ्या थोरल्या जाऊबाईंइतकी निर्धास्त बाई अख्ख्या इंग्लंडात दुसरी नसेल, आणि असलीच तर तिच्या धाकट्या जावेला माझी मनापासून सहानुभूती आहे. जाऊबाई कॉव्हेंट्रीच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. दिवसभर माणसांना झोपवायचं आणि वेळेवर जागं करायचं, हा त्यांचा पेशा. त्यामुळे असेल, पण त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. दारात दोन गाड्या, परसात सफरचंदाचं झाड, आज्ञाधारक नवरा, म्हणजे माझे दीर, आणि वरच्या मजल्यावर मागच्या खोलीत तीन साप. पहिल्या तीन गोष्टींचा हेवा कुणालाही वाटेल. मला सापांचासुद्धा वाटला. आम्ही बेसिंगस्टोकला, दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आणि मी एका शाळेत डिनर लेडी, म्हणजे मुलांना दुपारचं जेवण वाढणारी, हे सांगितलं म्हणजे माझ्या हेव्याची पार्श्वभूमी सगळी आलीच.

तिघांत दोन छोटे कॉर्न स्नेक आणि एक चार फुटी, मनगटाएवढा जाड रॉयल पायथन, म्हणजे छोटा अजगर. हॉस्पिटलातल्या एका पोर्टरला नव्या घरमालकानं साप ठेवू दिला नाही म्हणून हा जाऊबाईंकडे आला आणि 'भाऊसाहेब' झाला. जाऊबाई त्याला अहोजाहो करायच्या. मी मुद्दाम अरेतुरे करायची. सकाळी उठल्यावर स्वतःच्या चहाआधी त्या भाऊसाहेबाच्या काचेच्या पेटीतले दोन थर्मामीटर बघत. पेटीची एक बाजू उबदार, दुसरी गार, आणि दोन्हीकडे लपायला उपडी मातीची कुंडी. "दोन्ही सोयी आपण करायच्या गं," त्या सांगत, "कुठे बसायचं ते त्यांनी ठरवायचं." माझ्याकडे पाहुणा आला तर कुठे बसायचं ते मीच ठरवते, कारण सोफ्याची एक बाजू खचली आहे.

महाराष्ट्र मंडळातली माणसं गणपतीत त्यांच्याकडे आरतीला आली की प्रसाद घेऊन सगळी वर साप बघायला जात आणि कुंड्या बघून खाली येत. भाऊसाहेब बाहेर काढा म्हणून कितीही गळ घातली तरी जाऊबाई ढिम्म. "काल जेवलेत. दोन दिवस हात लावायचा नाही," एवढंच उत्तर. एका वर्षी चाळीस उकडीचे मोदक मी एकटीनं वळले होते. परतताना सगळ्यांच्या तोंडी विषय कुठला, तर न दिसलेल्या सापाचा. त्या दिवशी मी गाडीत बेसिंगस्टोकपर्यंत नवऱ्याशी बोलले नाही. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण वहिनी त्याचीच ना!

मोकळीक देणारी ही बाई कुलपाच्या बाबतीत मात्र भलतीच कडक. पेटीच्या काचेला कुलूप, किल्ली स्वयंपाकघरातल्या खुंटीवर, आणि कुलूप लावल्यावर काच तीनदा ओढून बघायची. मी एकदा खवचटपणे म्हटलं, "वहिनी, इतकं सुख आहे तर पळेल कशाला तो?" त्या म्हणाल्या, "घर आवडत नाही म्हणून नाही पळत गं ते. फट दिसली की शिरणं हा स्वभाव आहे त्यांचा. स्वभाव त्यांचा, फट बुजवायची जबाबदारी माझी." खाण्याचंही तसंच. जिवंत उंदीर कधीच द्यायच्या नाहीत, कारण तो उलटून चावतो. गॅरेजमध्ये वेगळा फ्रीझर. त्यातला उंदीर कोमट पाण्यात ठेवून उबदार करायचा आणि लांब चिमट्यानं असा हलवायचा की भाऊसाहेबाला झडप घातल्याचं समाधान मिळावं. एका हिवाळ्यात त्यानं तीन महिने अन्नाला तोंड लावलं नाही. मी असते तर देव पाण्यात ठेवले असते. जाऊबाई दर रविवारी त्याला वजनकाट्यावर ठेवून आकडा लिहीत आणि म्हणत, "वजन टिकून आहे. भूक लागली की खातील." एप्रिलमध्ये खरंच खाल्लं.

इथपर्यंत सगळं सोसण्यासारखं होतं. पण त्या वर्षी नागपूरहून सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. तीन महिने आमच्याकडे, तीन महिने थोरल्यांकडे, असं आधीच ठरलेलं. आई लहानपणीच गेलेल्या माणसाला सासू म्हणजे काय असते ते ज्याचं त्यालाच माहीत. मी जीव टाकला त्यांच्यावर. जूनमध्ये हीटिंग लावलं. दर तासाला चहा, दर शनिवारी लंडनच्या इल्फर्डला ताजी भाजी आणि साड्यांची दुकानं, दर रविवारी त्यांना भेटायला कुणी ना कुणी. पायाखाली उशी, पाठीला उशी. त्या दिवसेंदिवस कमी जेवू लागल्या, तशी मी ताटात जास्त वाढू लागले. सहाव्या आठवड्यात त्या म्हणाल्या, "थोरलीकडे आठ दिवस जाऊन येते." त्या आठ दिवसांचे पाच आठवडे झाले. फोन केला की, "इथे बरं आहे गं." जेवता का विचारलं तर, "दोन भाकऱ्या खाल्ल्या." भाकऱ्या! माझ्याकडे अर्धी पोळी उष्टी टाकणारी बाई! बरं, जाऊबाई सकाळी सातला घराबाहेर पडणार, संध्याकाळी परतणार. म्हणजे माझ्या सहवासापेक्षा तीन सापांचा सहवास त्यांना गोड वाटत होता. मी मोरीत नळ सोडून रडले, स्पष्टच सांगते.

नागपंचमी आली तेव्हा मी ठरवलं, आता आईंना परत आणायचंच. पुरणाची दिंडं उकडून डबा भरला, लाह्या घेतल्या, चांदीची वाटी घेतली आणि आम्ही कॉव्हेंट्री गाठली. जाऊबाई ड्यूटीवर होत्या. माझा नवरा आणि दीर सफरचंदाच्या झाडाखाली गप्पा मारत बसले. सासूबाई आंघोळीला गेलेल्या. मनात म्हटलं, नागपुरात पाटावर नागाचं चित्र काढून पुजायच्या, इथे घरात प्रत्यक्ष आहे आणि थोरलीला त्याचं काही नाही. आई बाहेर येतील आणि बघतील तर धाकटीनं साग्रसंगीत पूजा मांडलेली! खुंटीवरची किल्ली घेऊन मी वर गेले. काचेवर जाऊबाईंच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'कात. हात लावू नये.' ती मंडळाच्या लोकांसाठी असणार, असं मी स्वतःला पटवलं. कुलूप काढलं, काच सरकवली, पाण्याचं भांडं बाहेर काढून त्या जागी दुधाची वाटी ठेवली. लाह्या उधळल्या. मग कुंडी किंचित कलती करून हळदीकुंकवाची बोटं आत नेली.

भाऊसाहेबानं अंगठ्याचाच चावा घेतला. विष नसतं, हे मला माहीत होतं. त्या क्षणी मात्र माझं सगळं ज्ञान किंकाळीतून बाहेर पडलं. वाटी कलंडली, मी बाथरूमच्या दारावर धडका मारल्या, मग खाली नळाखाली हात धरला. दुधावर आणि रक्तावर फडकं घेऊन परत वर आले तर पेटी रिकामी.

जाऊबाईंना फोन केला. त्या वीस मिनिटांत आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. सासूबाई कुठे म्हणून बघतो तर त्या जिन्याजवळच्या गरम पाण्याच्या टाकीच्या कपाटासमोर खुर्ची टाकून, ओले केस टॉवेलात गुंडाळून बसलेल्या. "आत आहे तो. शेपूट दिसलं मला," त्या म्हणाल्या, "मी काही केलं नाही, नुसती बसून राहिली. दार लोटून घेतलं फक्त." जाऊबाईंनी टॉवेलांच्या चळतीमागून त्याला दोन्ही हातांनी आधार देत उचललं, आधी त्याचं तोंड तपासलं आणि मग माझा अंगठा.

"दात शाबूत आहेत," त्या म्हणाल्या. माझ्या अंगठ्याबद्दल नव्हे.

"वहिनी, नागपंचमी होती हो," मी कसंबसं म्हटलं.

"अगं, दूध पचत नाही त्यांना. आणि कात टाकायला आलेत, डोळ्यांवर पडदा आलाय, काही दिसत नाही. अशा वेळी कुणी अंथरुणात हात घातला तर तू नाही चावणार?" एवढं बोलून त्यांनी माझ्या अंगठ्याला पट्टी बांधली, इतक्या हलक्या हातानं की मला जास्तच राग आला.

संध्याकाळी दिंडं खाताना सासूबाई मला म्हणाल्या, "तू फार करतेस गं माझं. पण माणसाला कधी नुसतं बसूही द्यावं. इथे कोणी मला काही विचारतच नाही, म्हणून मन लागतं." जाऊबाई ताटात बघत होत्या.

परत चला, असं मी म्हटलं नाही. शेवटचे दहा दिवस त्या आपण होऊन बेसिंगस्टोकला आल्या. मी खिडकीशी खुर्ची ठेवली, दार ओढून घेतलं आणि स्वयंपाकघरात स्वतःचे हात धरून उभी राहायला शिकले. तिसऱ्या दिवशी आतून हाक आली. "अगं, जरा केस विंचरून देतेस? हात वर जात नाही माझा. खांदा धरलाय वर्षभर." मी फणी घेतली. तिकडे कोण विंचरून द्यायचं, हा प्रश्न जिभेवर आला होता. तो मी गिळला. त्यांचे केस फार थोडे उरले होते. रोज सकाळी मी ते सावकाश विंचरले, विमानतळावर निघण्याच्या दिवशीसुद्धा.

दोन वर्षांनी नागपूरहून त्या गेल्याचा फोन आला. दोघे भाऊ मिळेल त्या विमानानं निघून गेले. रात्रीपासून माझ्या मनात घोळत होतं ते खांद्याचं. सकाळी जाऊबाईंचा फोन आला तेव्हा बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं, "शेवटी शेवटी केस मी विंचरायची त्यांचे. खांद्यामुळे हात वर जात नव्हता ना."

"खांदा दुखतो हे मला माहीतच नव्हतं गं," जाऊबाई म्हणाल्या. "डॉक्टर ना मी! तशाच पिना लावून बसायच्या त्या. मला वाटायचं, लागेल ते मागतील. एकदासुद्धा हाक मारली नाही त्यांनी मला." मग त्या त्याच सपाट आवाजात म्हणाल्या, "तुझा फार हेवा वाटतो मला."

हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकायला मी किती वर्षं आसुसले होते! आता ते ऐकलं तेव्हा मी जेवलात का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, "भूक लागली की खाईन. तू काही येऊ नकोस, मी ठीक आहे."

मी शाळेत येत नसल्याचं कळवलं, पिठलं आणि भाकऱ्या डब्यात भरल्या, आणि त्यांना न विचारता कॉव्हेंट्रीच्या रस्त्याला लागले.