भज्यांचा कागद

भजी संपली तरी माझ्या दोन्ही नाती उंबऱ्यावर बसून पुडीचा तेलकट कागद बघत होत्या. राणी त्यावरचा विनोद मोठ्याने वाचत होती. सोनी हसत होती, पण जरा उशिरा. ती कागदाकडे नाही, राणीच्या तोंडाकडे बघत होती.

दोघी सातवीत आहेत. थोरली लेक, राणीची आई, सांगलीकडे दिली; धाकटी, सोनीची आई, हिंगोलीकडे. दोघी लेकी दुसऱ्याच्या रानात खुरपतात, दोघींच्या घरी सारखीच तंगी. मग नुसत्या गरिबीला कशाला दोष द्यायचा? राणीचे गुरुजी शाळा सुटेपर्यंत वर्गात असतात. सोनीच्या शाळेत सात वर्गांना दोनच गुरुजी, त्यातले एक सदा सरकारी कामावर. पोरीला मात्र दरसाल वरच्या वर्गात ढकलतात. लोक म्हणतात, हुशार पोर कुठेही शिकतं. खोटं आहे. मी चौथी शिकले आणि हुशार मुळीच नव्हते. शिकवणारं माणूस रोज येत होतं, एवढंच.

“सोने, पुढचं तू वाच,” मी म्हणाले.

“राणीच वाचू दे की आज्जे, तिला लई हौस हाय.”

“तू वाच म्हटलं ना.”

तिने कागद घेतला, बघितला आणि त्याची घडी घातली. “माझे डोळे दुखायलेत.”

न शिकलेल्या म्हाताऱ्या बायका दवाखान्यात कागद वाचायला दिला की हेच सांगतात. सोनी बारा वर्षांची आहे. सकाळीच तिने चिंचेच्या शेंड्यावरचा पोपट मला बोट करून दाखवला होता. मला तो दिसला नाही.